मेज वेगळे असता सेवा एक होऊ शकते काय?

२०१३ सालच्या उन्हाळ्यात मराठवाड्यात व नगर जिल्ह्यात पाण्याचा जो दुष्काळ पडला त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. ज्यांनी तो भोगला त्यांस तो ठाऊकच आहे. त्या उन्हाळ्यातील एका रविवारची गोष्ट. उपासना सुटते न सुटते तोच आमच्या मंडळीने आणविलेला पाण्याचा टँकर वेशीपाशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्या पाठोपाठ गावातील दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीचाही टँकर आला. दोहोंवर कापडी फलक होते. दोहोंचे फोटो काढण्यात आले. गावातील पिंपे, हंडे व कळशा पहिल्याच टँकरने भरल्या. दुसऱ्याचे पाणी ठेवावयास भांडे उरले नाही, म्हणून ते कोरड्या आडात सोडून दिले आणि जमिनीने ते पिऊन टाकले. मग सोमवारपासून शनिवारपर्यंत गावात थेंब नव्हता. शनिवारी एक म्हातारी, जी आमच्या मंडळीची नव्हे व त्यांच्याही मंडळीची नव्हे, रस्त्यात आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, तहान काय निस्ती आयतवारीच लागती व्हय?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. सुचावयास पाहिजे होते, कारण त्या दुसऱ्या मंडळीच्या पाळकाचे घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि टँकर सांगण्यापूर्वी एक हाक मारली असती तर काम झाले असते. ती हाक आम्ही का मारली नाही? कारण असे की, ते बंधू बालकांचा बाप्तिस्मा मान्य करीत नाहीत आणि आमच्या लोकांस आपल्या प्रभुभोजनाच्या मेजावर घेत नाहीत. आमच्या पंचांपैकी एका वृद्ध बंधूंनी त्या आठवड्यात स्पष्टच सांगितले की, ज्यांच्याबरोबर प्रभूची भाकर मोडता येत नाही त्यांच्याबरोबर पाण्याचा टँकर तरी कशास? आज टँकर एक होईल, उद्या उपदेश एक होईल, आणि परवा आपण काय मानतो हेच आपल्या मुलांस सांगता येणार नाही.

हे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ज्या माणसाने आपल्या विश्वासासाठी एके काळी गावकी व भावकी सोडली त्यास शिक्षणाच्या शुद्धतेची काळजी वाटणे योग्यच होय. याच्या उलट दुसऱ्या टोकाचे बोलणेही आमच्या कानी येते. विशेषतः शहरात शिकून आलेले तरुण म्हणतात की, गरिबांची सेवा हाच खरा धर्म, बाप्तिस्मा व मेज यांविषयीचे वाद जुन्या लोकांनी घालावेत. आम्हांस हे दुसरे बोलणे पहिल्यापेक्षा अधिक धोक्याचे वाटते, कारण ज्यास आपल्या मेजाची किंमत नाही त्यास दुसऱ्याच्या मेजाचीही किंमत कळत नाही. तेव्हा प्रश्न असा राहतो: ज्या ख्रिस्ती लोकांचे खरोखर एकमत नाही आणि ज्यांस ते नसल्याचे दुःखही आहे, त्यांनी आपला भेद न लपविता एका कामास हात घालावा की एकमत होईपर्यंत थांबावे?

या प्रश्नाचा विचार करिताना आम्हांस एका दूरच्या शहराची हकीकत नेहमी आठवते. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मर्सी नदीच्या मुखाशी लिव्हरपूल नावाचे बंदर आहे. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भयंकर दुष्काळ झाला त्यात १८४७ या एका वर्षीच सुमारे ३,००,००० आयरिश लोक या बंदरात उतरले. पुष्कळ पुढे अमेरिकेस गेले, पुष्कळ तेथेच राहिले. ते रोमन कॅथलिक होते. शहर प्रॉटेस्टंट होते. गरिबीत गरीब आला की भाकरीवरून तंटा होतो, आणि तंट्यास धर्माचे नाव मिळाले की तो पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. लिव्हरपुलात तसेच झाले. आळ्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, लग्ने वेगळी. १९०९ च्या जून महिन्यात एका कॅथलिक मिरवणुकीवरून दंगली झाल्या आणि मिश्र वस्तीतील कुटुंबांस घरे सोडून आपापल्या लोकांत जावे लागले. दोन्हीकडचे लोक आपणांस ख्रिस्ताचे म्हणवीत होते हे सांगावयास नकोच.

या शहराच्या उंचवट्यावर दोन मोठी कॅथीड्रले आहेत, आणि त्यांस जोडणारा जो रस्ता आहे त्याचे नाव होप स्ट्रीट, म्हणजे आशेचा रस्ता. (नाव एका होप आडनावाच्या व्यापाऱ्यावरून पडले आहे, परंतु देव व्यापाऱ्याच्या आडनावाचाही उपयोग करून घेतो.) एका टोकास अँग्लिकन कॅथीड्रल, त्याचा पाया १९०४ साली घातला व ते १९७८ साली पुरे झाले. दुसऱ्या टोकास रोमन कॅथलिक कॅथीड्रल. त्याचे समर्पण १९६७ साली झाले. प्रॉटेस्टंटांच्या त्या प्रचंड मंदिराचा नकाशा काढणारे जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे स्वतः रोमन कॅथलिक होते, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. भिंती उभारावयास एकमेकांचे हात चालत होते. त्या भिंतींच्या आत मात्र एकमेकांची सावली चालत नव्हती.

१९७५ साली डेव्हिड शेपर्ड हे या शहराचे अँग्लिकन बिशप झाले आणि पुढल्याच वर्षी, १९७६ साली, डेरेक वॉरलॉक हे रोमन कॅथलिक आर्चबिशप झाले. शेपर्ड हे इंग्लंडच्या संघातून २२ कसोटी सामने खेळलेले क्रिकेटपटू. १९५२ साली ओव्हलच्या मैदानावर त्यांनी भारताविरुद्ध ११९ धावा काढल्या. त्या वेळी भारताचे कर्णधार सांगलीत जन्मलेले विजय हजारे होते, म्हणजे आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजातले. १९५५ साली शेपर्ड यांस दीक्षा मिळाली व पुढे अनेक वर्षे त्यांनी पूर्व लंडनच्या मजूरवस्तीत काम केले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध खेळण्यास त्यांनी नकार दिला, कारण त्या देशातील वर्णभेद त्यांच्या विवेकास मान्य नव्हता. असा मनुष्य पाहुण्यांशी हसून बोलून भेद विसरणाऱ्यांपैकी नव्हता. वॉरलॉक हेही आपल्या चर्चच्या शिक्षणाचे व शिस्तीचे पक्के. हे येथे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे या दोघांनी जे केले ते निष्काळजी लोकांनी केलेले नव्हते.

त्या काळी लिव्हरपूलची स्थिती फार वाईट होती. मालाची चढउतार मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून होऊ लागल्यामुळे गोदीवरील हजारो हमालांचे काम गेले. कारखाने एकामागून एक बंद पडले. १९८१ साली तेथील साखर शुद्ध करण्याचा जुना मोठा कारखाना बंद झाला. बापास काम नाही आणि मुलास काम मिळण्याची आशा नाही, अशी घरे वाढली. कॅथलिक घर व प्रॉटेस्टंट घर यांत आता एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे रिकामा हात. दोघे धर्माधिकारी वारंवार भेटू लागले, एकत्र प्रार्थना करू लागले, आणि शहराच्या सुखदुःखाविषयी बहुधा एका तोंडाने बोलू लागले. कारखान्याचे मालक किंवा सरकारचे मंत्री यांजकडे रदबदली करावयाची झाली की दोघे मिळून जात; मेथडिस्ट, बॅप्टिस्ट इत्यादी मंडळ्यांचे पुढारीही त्यांस मिळाले. १९८१ च्या जुलै महिन्यात टॉक्स्टेथ वस्तीत बेकारी, वर्णद्वेष व पोलिसांविषयीचा राग यांतून मोठी दंगल पेटली, तेव्हाही लोकांनी या दोघांस एकत्रच पाहिले. लोक त्यांस विनोदाने 'मासे आणि बटाटे' म्हणत. तळलेले मासे व बटाटे हे तेथील गरिबांचे खाणे. ते नेहमी जोडीने मिळते आणि पूर्वी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देत. हे दोघेही नेहमी जोडीने, व नेहमी वर्तमानपत्रात!

शिक्षक वाचकांस एक गोष्ट विशेष आवडेल. त्या शहरात शिक्षक तयार करणारी तीन ख्रिस्ती महाविद्यालये होती, एक अँग्लिकन व दोन कॅथलिक. सरकारने अशी महाविद्यालये कमी करावयाचे ठरविले तेव्हा तिन्ही बुडण्याचा संभव दिसू लागला. त्यांनी एकमेकांस धरले व ती एक झाली. १९९५ साली त्या संस्थेने त्या रस्त्यावरूनच होप हे नाव घेतले आणि २००५ साली तिचे विद्यापीठ झाले. हे केवळ प्रीतीने झाले असे आम्ही म्हणत नाही. बुडण्याची भीतीही होती. परंतु पेत्रानेसुद्धा प्रभूचा हात बुडू लागल्यावरच धरला, व प्रभूने तो झिडकारला नाही.

सर्व लोक प्रसन्न होते असे मात्र कोणी समजू नये. १९८२ च्या मार्च महिन्यात अँग्लिकन चर्चचे मुख्य आर्चबिशप रॉबर्ट रन्सी लिव्हरपूल येथे उपदेशास उभे राहिले असता, पोपच्या येऊ घातलेल्या भेटीस विरोध करणाऱ्या लोकांनी मंदिरातच आरडाओरड करून त्यांस बोलू दिले नाही. दोन महिन्यांनी, ३० मे रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, पोप जॉन पॉल दुसरे आले; ते प्रथम अँग्लिकन कॅथीड्रलात गेले, आणि नंतर होप स्ट्रीटने कॅथलिक कॅथीड्रलात गेले. १९८५ च्या पेंटेकॉस्टला निरनिराळ्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांशी सहकार्याचा करार केला. १९८९ च्या १५ एप्रिलला शेफिल्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा सामना पाहावयास गेलेले लोक गर्दीत चिरडले गेले. त्या अपघाताने मेलेल्यांची संख्या पुढे ९७ झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, कॅथलिक कॅथीड्रलात प्रार्थना झाली तेव्हा आत मावले नाहीत इतके लोक बाहेर उभे होते. त्या गर्दीत कोण कोणत्या पंथाचा हे कोणी विचारले नसेल. ऐंशी वर्षांपूर्वी याच शहरात तोच प्रश्न विचारून दगड मारीत असत.

आता आमच्या वृद्ध पंचांचा प्रश्न. या दोघांनी कधी एका मेजावर प्रभुभोजन घेतले काय? नाही. वीस वर्षे बरोबर काम केले, परंतु रोमन कॅथलिक चर्चचे नियम तसे करू देत नाहीत, आणि वॉरलॉक यांनी ते नियम गुपचूप मोडले नाहीत, शेपर्ड यांनी मोडावयास सांगितले नाहीत. १९९६ साली वॉरलॉक वारले, १९९७ साली शेपर्ड निवृत्त झाले. मेजे दोनच राहिली. कोणी म्हणेल, मग काय मिळविले? कोणी म्हणेल, हे ढोंग झाले. आम्हांस तसे वाटत नाही. जे मेज एक नाही ते एक असल्याचे दाखविणे हे ढोंग झाले असते. दोघांनी ते दुःख उघडे ठेविले, आणि ते उघडे ठेवूनच दुसऱ्याच्या दाराशी गेले.

शास्त्रात यास आधार आहे काय? गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहावा. आम्ही हा अध्याय पुष्कळ वर्षे वाचीत होतो, परंतु त्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. पौल व बर्णबा यरुशलेमास गेले. याकोब, पेत्र व योहान यांनी त्यांस सहभागितेचा उजवा हात दिला, आणि एकच गोष्ट मागितली की गरिबांची आठवण ठेवावी. पौल म्हणतो की तेच करण्यास तो उत्सुक होता. आणि लागलीच, पुढल्या वचनापासून, अंत्युखियातील तो प्रसिद्ध वाद येतो: पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, परंतु याकोबाकडील माणसे आल्यावर भिऊन पंक्तीतून उठला, आणि पौलाने त्यास तोंडावर दोष दिला. म्हणजे गरिबांविषयीचा करार व मेजाविषयीचे भांडण, दोन्ही शेजारीशेजारी. पौलाने काय केले? मेजाचा प्रश्न क्षुल्लक मानला काय? मुळीच नाही, त्याने तो सुवार्तेच्या सत्याचा प्रश्न मानला. मग रागाने यरुशलेमाच्या गरिबांचा पैसा थांबविला काय? तेही नाही. मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांतून, म्हणजे ज्यांच्या पंक्तीस बसावयास यरुशलेमाकडचे कित्येक लोक कचरत होते त्यांच्याच खिशातून, त्याने वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली व जीव धोक्यात घालून ती पोहोचविली. सत्यासाठी भांडला आणि गरिबांसाठी झोळी घेऊन फिरला, एकाच वेळी. यात विरोध आहे असे त्यास वाटले नाही, आणि आम्हांसही आता वाटत नाही.

पंक्ती हा शब्द लिहिताना आमचा हात थोडा थांबला. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांस पंक्तिभेद म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून गावातले लोक आमची दोन मेजे पाहून हसतात व म्हणतात, "तुमच्यातही आहेच की." त्यांस काय सांगावे? जेथे भेद विवेकाचा आहे तेथे तसे सांगावे. त्यात लाज नाही. १९५२ साली स्वीडनातील लुंड येथे भरलेल्या जागतिक परिषदेने मंडळ्यांपुढे असाच एक प्रश्न ठेविला होता: ज्या गोष्टींत गाढ मतभेद वेगळे वागावयास भाग पाडतात त्या सोडून बाकी सर्व गोष्टींत आपण एकत्र वागू नये काय? हे मोजमाप चांगले आहे, कारण ते दोन्ही टोकांच्या लोकांस अडचणीत टाकते. तरुणास ते सांगते की गाढ मतभेद असू शकतो. वृद्धास ते विचारते की, बाबा, तुझा मतभेद खरोखर किती गाढ आहे?

कारण आपल्या महाराष्ट्रातील भेदांचा उगम पाहिला तर तो पुष्कळदा विवेकात नसून नकाशात आहे. मिशनांनी एकमेकांच्या कामात अडथळा नको म्हणून प्रदेश वाटून घेतले होते. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगर व सोलापूरकडे, स्कॉटिश मिशन पुणे, जालना व नागपूर येथे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन कोल्हापूर व मिरजेकडे. आमचे आजोबा कोणत्या तालुक्यात राहत होते यावर आमचा पंथ ठरला! अहमदनगर जिल्ह्यात तर अँग्लिकन एस. पी. जी. मिशनही असल्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हेच्या मंडळ्या झाल्या, आणि त्यांचे नातू मुंबईस एकाच चाळीत राहावयास गेले तरी रविवारी दोन दिशांस जात राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चे मिळून उत्तर भारताचे चर्च झाले तेव्हा हे दोन प्रवाहही त्यात आले. आणि त्या चर्चने बालकांचा व प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. तरीही चाळीतल्या कित्येकांचे पाय अजून जुन्याच वाटेने जातात. त्यांस कारण विचारावे, म्हणजे ते शास्त्रवचन सांगत नाहीत, गावाचे नाव सांगतात.

आणि नकाशाहूनही खाली गेले तर एक तिसरे कारण लागते, ते लिहावयास आम्हांस लाज वाटते. टँकरावर फलक का होता? बाप्तिस्म्याविषयीच्या मतामुळे नव्हे. देणगीदारास फोटो पाठवावयाचा होता म्हणून. एकत्र केलेल्या कामाचा अहवाल कोणी लिहावा, पावती कोणाच्या नावाने फाडावी, आभार कोणी घ्यावेत, येथे आमचे पाऊल अडते. आणि मग आम्ही सत्याचे नाव पुढे करितो. लिव्हरपुलातील त्या दोघांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. वीस वर्षे त्यांच्यापैकी कोणाच्याही चांगल्या कामाचा पुरता मान त्यास एकट्यास मिळाला नाही. २००८ साली होप स्ट्रीटच्या मधोमध त्यांचे स्मारक उभे राहिले, तेही दोघांचे मिळून. काशाचे दोन दरवाजे आहेत, एकावर एक, दुसऱ्यावर दुसरा.

आमच्या गावी पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही त्या बंधूंच्या घरी गेलो. त्यांनी बसावयास दिले, चहा केला, आणि आम्ही काही बोलण्यापूर्वीच म्हणाले की म्हातारी त्यांसही भेटली होती. ठरले ते असे की आमचा टँकर रविवारी, त्यांचा बुधवारी, फलक कोणाचाच नाही. आमच्या पंचांत यावर दोन तास वाद झाला. वृद्ध बंधू शेवटपर्यंत राजी झाले नाहीत. परंतु बुधवारी टँकर आला तेव्हा नळी धरून उभे होते तेच, कारण रांग लावण्याचे काम त्यांच्याइतके गावात कोणास साधत नाही. शहरातील एका देणगीदारांनी फोटो मागितला व तो न मिळाल्यामुळे पुढील देणगी थांबविली. जून अर्धा उलटेपर्यंत आमचे दोन टँकर त्यामुळे कमी पडले, आणि ती तूट त्या मंडळीने भरून काढली. बाप्तिस्म्याविषयी त्या बंधूंचे मत बदललेले नाही, आमचेही नाही. गेल्या नाताळानंतर दोघे तासभर तेच बोलत बसलो होतो. येत्या महिन्यात दोन्ही मंडळ्यांचे पंच पुन्हा एकत्र बसावयाचे आहेत. विषय त्याच आडाचा गाळ काढण्याचा आहे, आणि हिशेबाची वही या खेपेस त्यांजकडे राहणार आहे.